खटका दाबण्याआधी

पेन्टॅक्स के-१००० हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला, तेव्हाच तो थोडा जुन्या वळणाचा होता. त्याच वर्षी कॅननने एई-१ आणला. एई-१च्या पोटात मायक्रोप्रोसेसर होता. शटरचा वेग तुम्ही सांगायचा, भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते कॅमेरा बघून घेणार. पेन्टॅक्समध्ये आपणहून होणारं असं काहीच नव्हतं. सेल्फ-टायमरसुद्धा नव्हता. बॅटरी होती, पण ती प्रकाश मोजणारा काटा हलवण्यापुरती; ती संपली तरी शटर आपलं चालूच. एई-१चं उत्पादन १९८४मध्ये थांबलं. के-१००० मात्र १९९७पर्यंत बनत राहिला, आधी जपानात, मग हाँगकाँगमध्ये, शेवटी चीनमध्ये, आणि तीस लाखांहून जास्त खपला. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या फोटोग्राफीच्या वर्गांत वर्षानुवर्षं हाच कॅमेरा मुलांच्या हातात दिला जायचा.

म्हणजे हुशार कॅमेरा आधी निवृत्त झाला आणि बिनडोक कॅमेरा वीस वर्षं टिकला. शिकवणाऱ्यांना त्याचा हा बिनडोकपणाच हवा होता. फोटो बिघडला तर कॅमेऱ्याला दोष देता येत नाही आणि साधला तर कॅमेऱ्याचं कौतुकही करता येत नाही. काय केलं म्हणून असं झालं, याचा माग थेट स्वतःपर्यंत येतो. हे पुस्तक अशाच कॅमेऱ्याविषयी आहे. लेखिकेने उदाहरणादाखल के-१००० घेतला असला तरी झेनिट, याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम-१० यांतला कुठलाही हाताशी असेल तर पानं तशीच लागू पडतील. कड्यांच्या जागा बदलतील, बटणं इकडची तिकडे होतील, बाकी सगळं तेच.

प्रस्तावना लिहायला होकार देताना मला एक धास्ती होती. फिल्मविषयीचं अलीकडचं बरंचसं लिखाण हळवं असतं. जुने दिवस, रोल धुऊन येईपर्यंतची हुरहूर, अल्बमच्या काळ्या पानांवरचे चिकटकोपरे वगैरे. त्या हळवेपणाला माझा विरोध नाही, पण त्यावर कुणी फोटो काढायला शिकत नाही. शिवाय फिल्मचा म्हणून जो रंग, जो दाणा सांगितला जातो, तो आता फोनमधलं एखादं फिल्टर दोन सेकंदांत देतं, आणि फोटो पाहणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फरक कळत नाही. मुलाचा वाढदिवस, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, प्रवासातली धावती दृश्यं यांच्यासाठी फोन चांगला आहे, तोच वापरावा. या पुस्तकात हळवेपणा जवळजवळ नाही, हे वाचून हायसं वाटलं. लेखिकेचा दावा साधा आहे: साध्या कॅमेऱ्यात शिकण्यासारख्या गोष्टी इतक्या थोड्या आहेत की त्या सगळ्याच्या सगळ्या शिकून होतात. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या मेन्यूबद्दल असं कुणी म्हणू शकेल का? तिथे माणूस वर्षभर वापरूनही अर्ध्या खोल्यांची दारं न उघडताच राहतो.

आपल्याकडे या विषयाला जुनी मुळं आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळातल्या भारतीय छायाचित्रकारांतले एक अग्रणी. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले ते छायाचित्रणाचं आणि छपाईचं काम केल्यानंतर. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करताना त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून दाखवली होती, अंतराअंतराने एकेक चौकट घेत. कॅमेरा हाताने फिरवायचा, आणि आत काय उमटलं ते धुतल्याशिवाय कळायचं नाही. कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडण्याचं आणि ती धुण्याचं काम दादरच्या घरात सरस्वतीबाई करत. आपल्या चित्रपटाच्या इतिहासातली ही बाजू मला नेहमी दादासाहेबांच्या धाडसाइतकीच मोठी वाटते. कारण अंधारात, हाताच्या अंदाजाने केलेलं ते काम चुकलं असतं तर दाखवायला काहीच उरलं नसतं.

सर्वसामान्य घरांत कॅमेरा आला तो पुष्कळ नंतर, आणि मराठी मध्यमवर्गाच्या बऱ्याच घरांत तो अ‍ॅग्फाच्या क्लिक-थ्रीच्या रूपाने आला. वडोदऱ्याला बनणारा हा कॅमेरा १२० नंबरचा रोल घ्यायचा आणि बारा चौरस फोटो द्यायचा. ऊन पाठीशी घ्या, माणसांना थोड्या अंतरावर उभं करा, हलू नका म्हणा आणि दाबा. ठरवण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच. त्यामुळे घराघरांत फोटो निघाले, पण फोटो कसा निघतो हे मात्र स्टुडिओवाल्यांकडेच राहिलं. उटीला सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म तिथे बनायची. एसएलआर कॅमेरा म्हटला तर परदेशाहून येणाऱ्या एखाद्या मामाच्या बॅगेतून. आज उलट झालंय. ‘इंदू’ इतिहासजमा आहे, फिल्म सगळी बाहेरून येते आणि महाग पडते. पण एके काळी स्वप्नवत वाटणारे कॅमेरे मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातही नजरेला पडतात.

आता मुख्य गोष्टीकडे. साध्या कॅमेऱ्यावर प्रत्येक फोटोआधी तीन निर्णय घ्यावे लागतात: कशावर फोकस करायचा, छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं. चौथा निर्णय, म्हणजे फिल्म किती संवेदनशील (तिचा आयएसओ आकडा), तो रोल घातला तेव्हाच झालेला असतो आणि छत्तीस फोटो संपेपर्यंत बदलता येत नाही.

छिद्राचे आकडे पाहून नवशिक्या हमखास अडखळतो. भिंगाच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असं लिहिलेलं असतं, आणि आकडा वाढला की छिद्र लहान होतं. उलटं का? कारण तो आकडा भाजक आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ने भागलं की छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर. १६ने भागलं की जेमतेम ३ मिलिमीटर. एका आकड्यावरून पुढच्यावर गेलं की प्रकाश निम्मा होतो. शटरच्या चकतीवर ६०, १२५, २५०, ५००, १००० हे आकडे, म्हणजे सेकंदाचे तितके भाग; तिथेही प्रत्येक पुढचा आकडा प्रकाश निम्मा करतो. या निम्म्या-दुपटीला फोटोग्राफर ‘स्टॉप’ म्हणतात. दोन्हीकडे एकच माप असल्यामुळे एका कड्यावर एक स्टॉप कमी केला आणि दुसऱ्यावर एक वाढवला तर हिशेब जिथल्या तिथे राहतो. आख्ख्या एक्स्पोजरच्या शास्त्राचं गणित एवढंच आहे. दुसरीतल्या मुलाला येईल.

खरी मजा त्यानंतर आहे. समजा, गणपतीचे दिवस आहेत, पुण्यातल्या एखाद्या बोळात वाड्यांच्या सावलीत ढोलपथक सराव करतंय आणि तुमच्या कॅमेऱ्यात २०० आयएसओची फिल्म आहे. उघड्या आकाशाखालच्या या सावलीत १/२५० आणि एफ/५.६ हे बरोबर बसतं. पण १/५०० आणि एफ/४ही बसतं, आणि १/३० आणि एफ/१६सुद्धा. फिल्मवर पडणारा प्रकाश तिन्ही वेळा सारखाच. १/५००ला टिपरू हवेत जिथल्या तिथे थांबलेलं, दोरीचा पीळसुद्धा मोजता यावा. एफ/४ असल्यामुळे मागची माणसं धूसर. १/३०ला टिपरू म्हणजे नुसता एक फटकारा, मनगट विरघळलेलं. पण एफ/१६ असल्यामुळे पहिल्या वादकापासून वाड्याच्या दिंडीपर्यंत सगळं स्पष्ट. यातला बरोबर फोटो कुठला? कॅमेरा हे सांगू शकत नाही, आणि फोनमधला स्वयंचलित मोडही सांगू शकत नाही. तो फक्त तुम्हाला न विचारता त्यातला एक निवडतो. साध्या कॅमेऱ्याचं म्हणणं एवढंच की निवड तुम्ही करा, आणि आधी करा.

पुस्तकातलं उन्हाचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. भर उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावं आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळपास, हा नियम जगभर चालतो. २०० आयएसओला १/२५०. ऊन विरळ असेल, सावल्यांच्या कडा मऊ असतील तर एफ/११. ढगाळ असेल आणि सावलीच पडत नसेल तर एफ/८. दाट ढग किंवा उघडी सावली, एफ/५.६. पूर्वी कोडॅकच्या फिल्मसोबत सूर्य आणि ढगांची छोटी चित्रं छापलेली असत, ती याच हिशेबाने. लेखिका सांगतात की काही दिवस नुसतं चालता-फिरता सावल्यांच्या कडा बघायच्या आणि मनात आकडा म्हणायचा, कॅमेरा घरीच ठेवून. मीही हेच सांगेन. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा वाजता आणि जुलैत महाबळेश्वरात त्याच वेळी डोळ्याला जो फरक जाणवतो तो प्रत्यक्षातल्या फरकापेक्षा कितीतरी कमी असतो, कारण बुबुळ आपोआप जुळवून घेतं. घरात ट्यूबलाइट लावली की आपल्याला लख्ख वाटतं. ४०० आयएसओच्या फिल्मला मात्र तिथे छिद्र पुरतं उघडून, एफ/२ला, १/३० किंवा १/६० द्यावं लागतं. डोळ्याची ही लबाडी एकदा ध्यानात आली की घराच्या कुठल्या खिडकीशी, किती वाजता माणूस बसवायचा ते आपोआप सुचायला लागतं.

मग कॅमेऱ्यातला काटा कशाला? के-१०००च्या दृश्यदर्शकातून पाहिलं की उजवीकडे एक बारीक काटा दिसतो. प्रकाश जास्त होत असला की वर, कमी होत असला की खाली. छिद्राचं किंवा शटरचं कडं फिरवून तो मधल्या खाचेत आणायचा. शटरचा वेग किती आहे ते आत दिसत नाही, त्यासाठी डोळा काढून वर पाहावं लागतं किंवा चकतीचे टकटक मोजावे लागतात. काटा बंद करायला बटणही नाही; भिंगावर टोपी घातली की झाला बंद. टोपी न घालता कॅमेरा उजेडात ठेवला तर बॅटरी हकनाक जाते.

हा काटा खोटं बोलत नाही, पण त्याला एकच गोष्ट ठाऊक आहे. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. गवत, विटांची भिंत, डांबरी रस्त्यावरची गर्दी असेल तर हे गृहीतक चालून जातं. आषाढात पालखीच्या वाटेवर चौकटभर पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या असतील तर काटा म्हणतो, प्रकाश फार झाला, कमी करा. त्याचं ऐकलं तर सदरे मळकट करडे येतात आणि त्याखालचे चेहरे काळवंडतात. तिथे काट्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्यायचा. उलट, तळ्यातून नुकतीच बाहेर आलेली म्हैस चौकट भरून असेल तर काटा म्हणतो, अंधार आहे, वाढवा. त्याचं ऐकलं तर म्हैस धुरकट राखाडी येते. तिथे एक-दीड स्टॉप कमी. वेरूळच्या काळ्या पाषाणाचंही तेच, विशेषतः कोपऱ्यात उन्हाचा एखादा पट्टा आला असेल तर. सोपी युक्ती अशी की आपला तळहात त्याच प्रकाशात धरून त्यावर माप घ्यावं आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यावा. तळहात कायम जवळ असतो, आणि सदऱ्यांनी किंवा म्हशीने त्याच्यावर परिणाम होत नाही.

इथे लेखिकेशी माझा एक मतभेद नोंदवून ठेवतो. पहिले काही रोल काट्याकडे न बघता, केवळ उन्हाच्या नियमावर काढावेत असं त्यांचं म्हणणं. कल्पना चांगली आहे, पण फिल्म स्वस्त होती तेव्हाची. आज रोल, धुणावळ आणि स्कॅन धरून खर्च सहज हजाराच्या वर जातो. मी म्हणेन, आधी मनात आकडा धरा, मग काट्याला विचारा, आणि दोघांचं पटलं नाही तर का पटलं नाही याचा विचार करा. शिकणं त्या न पटण्यातच असतं. दुसरा मतभेद त्याहून लहान आहे: त्या कृष्णधवल फिल्मपासून सुरुवात करायला सांगतात, मी साध्या रंगीत निगेटिव्ह फिल्मपासून. रंगीत निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जादा प्रकाश पडला तरी सांभाळून घेते. कमी पडला तर मात्र सावल्या चिखलासारख्या होतात. म्हणून शंका आली तर हात सैल सोडावा, जास्त द्यावा. स्लाइड फिल्मला हा नियम लावू नये, तिथे अर्धा स्टॉपही जाणवतो. नवशिक्याने स्लाइडच्या वाटेला न जाणं बरं.

फोकसबद्दल थोडक्यात. पन्नासचं भिंग एफ/२ला पूर्ण उघडं ठेवून एक मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर स्पष्ट भाग जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीचा असतो. नाकाच्या शेंड्यावर फोकस झाला तर डोळे गेले. फोकस डोळ्यांवर, आणि तोही जवळच्या डोळ्यावर. हे एवढं पाळलं तरी पुष्कळ.

रोल भरण्यावर लेखिकेने आठ पानं लिहिली आहेत, आणि ती कमी वाटतात. डावीकडची खुंटी वर ओढली की मागचं झाकण उघडतं. कॅसेट डाव्या कप्प्यात बसवायची, खुंटी परत खाली दाबायची. ती पूर्ण खाली जात नसेल तर किंचित फिरवावी म्हणजे दात बसतात. फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या फटीत सरकवायची. मग फिल्म पुढे सरकवणारा दांडा एकदा ओढून बघायचा, वरच्या आणि खालच्या दोन्ही दात्यांवर फिल्मची छिद्रं नीट बसली आहेत ना. इथे घाई करणाऱ्याची फिल्म नंतर रिळावरून सुटते, आणि सुटली तरी आकडा पुढे सरकतच राहतो. कॅमेरा काही कळू देत नाही. छत्तीस फोटो काढून झाले, सदतीस झाले, चाळीस झाले आणि दांडा अजून ओढला जातोय, तेव्हा समजावं की फिल्म पहिल्या जागीच बसून आहे. याची खात्री करायची एकच रीत आहे: झाकण लावल्यावर खुंटीची घडी उघडून हलकेच उजवीकडे फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढायचा, आणि मग दांडा ओढताना त्या खुंटीकडे बघायचं. ती उलट्या दिशेला फिरली तर फिल्म खरोखर पुढे जातेय. फिरली नाही तर थांबा, सावलीत जा, झाकण उघडा आणि पुन्हा भरा. पहिल्या दोन चौकटी वाया जातील, जाऊ द्यात.

रोल संपला की तळाचं छोटं बटण दाबायचं आणि त्याच खुंटीने फिल्म कॅसेटमध्ये परत गुंडाळायची. हाताला जाणवणारा ताण एकदम सुटतो, तेव्हा ती आत गेली. त्याआधी झाकण उघडलं तर सगळं संपलं. हे वाक्य पुस्तकात जाड अक्षरांत तीनदा आलंय. ते योग्य आहे.

फिल्म उत्तर लगेच देत नाही, हा तिचा दोष मानला जातो, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो आहेच. फोटो आज काढायचा आणि बरं-वाईट आठवड्याने कळायचं, तेवढ्यात काय केलं होतं ते विसरलेलं. डिजिटल फोटोच्या पोटात शटर, छिद्र, वेळ सगळं नोंदलेलं असतं; फिल्मवर काहीच नसतं. म्हणून वही लागते. खिशात मावेल अशी, आणि पेन्सिल, कारण पावसात शाई पसरते. फोटोचा क्रमांक, शटर, छिद्र, प्रकाश कसा होता आणि काय हवं होतं. शेवटची नोंद बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि उपयोगाची तीच असते. ‘१४. १/६०, एफ/४. ओसरीवर, उजेड डावीकडून. आजोबांच्या हातावरच्या शिरा.’ रोल धुऊन आला की चौदावा फोटो वहीशेजारी ठेवायचा आणि शिरा दिसताहेत का ते बघायचं. नसतील दिसत तर फोकस चुकला, की प्रकाश समोरून हवा होता, की हात हलला? उत्तर वहीत सापडतं. वही नसेल तर छत्तीस फोटोंमधले पाच चांगले निघतात आणि ते का निघाले ते कधीच कळत नाही.

रोल धुण्याबद्दल व्यवहारातलं थोडं. रंगीत निगेटिव्हची सी-४१ ही प्रक्रिया जगभर एकच आहे, ३८ अंश सेल्सिअसला, आणि ती प्रयोगशाळेवर सोडावी. तालुक्याच्या गावी आता कुणी धुऊन देणारं बहुधा सापडत नाही. मोठ्या शहरातल्या लॅबकडे कुरिअरने पाठवावं लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही रोल सिनेमाच्या फिल्ममधून कापून भरलेले असतात. अशा बऱ्याच फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो, तो सी-४१च्या यंत्रात गेला तर रसायन खराब होतं आणि मागून आलेल्या दुसऱ्यांच्या फिल्मही नासतात. असा रोल असेल तर लॅबला आधी सांगणं हा साधा सभ्यपणा आहे. निगेटिव्ह परत मागून घ्यायला विसरू नका. बरेच जण स्कॅन मिळाले म्हणून ती तिथेच सोडतात. स्कॅन ही नक्कल झाली, उद्या याहून चांगली निघेल.

कृष्णधवल फिल्म मात्र घरी धुता येते आणि एकदा तरी धुवावी. एक टाकी, हात घालायची काळी पिशवी, डेव्हलपर, फिक्सर, थर्मामीटर आणि न्हाणीघर. पुस्तकांत तापमान २० अंश लिहिलेलं असतं, कारण ती पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात नळाचं पाणीच त्यापेक्षा कितीतरी गरम येतं. लेखिकेने यासाठी बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवण्याची रीत आणि जास्त तापमानाला वेळ किती कमी करायचा याचा तक्ता दिलाय. माझ्या माहितीतल्या इंग्रजी पुस्तकांपेक्षा हे प्रकरण आपल्या वाचकाच्या जास्त कामाचं आहे.

कॅमेरा विकत घेताना काय पाहायचं हेही थोडं सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. झाकण उघडा, शटर १/१०००वर ठेवा, भिंगाचं छिद्र पूर्ण उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मागून बघत दाबा. क्षणभर पांढरा चौकोन चमकायला हवा. एका बाजूला काळोख राहिला तर पडदा थकलाय. मग चकती एक सेकंदावर आणा आणि नुसतं ऐका. घरघर मध्येच अडकत असेल तर आतलं तेल सुकलंय. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो. भिंगाचं तसं नाही. मोबाइलचा टॉर्च आरपार धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सांभाळलेल्या कॅमेऱ्यांत ती फार आढळते. असा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. चांगला मिळाला तर तो त्याच्या देखण्या चामडी खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेत.

एक भिंग पुरतं. पन्नासचं. दुसरं भिंग घ्यायची ओढ पहिल्या महिन्यातच लागते आणि ती शिकण्याची शत्रू आहे. जुन्या भिंगांचे बाजारभाव तोंडपाठ असलेली, पण सलग दोन रोल न काढलेली मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. होमाई व्यारावाला यांचं काम कुठे मोठ्या आकारात पाहायला मिळालं तर जरूर पाहा. मुंबईत जे. जे.मध्ये शिकलेल्या या बाईंनी पत्रकारितेच्या धावपळीत, आजच्या मानाने अवजड कॅमेऱ्यांनी, मोजक्याच चौकटींत स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली टिपली. प्रत्येक फोटोत अंतर, प्रकाश आणि क्षण आधीच ठरलेले दिसतात. सामान कमी होतं म्हणून ते थोर झालं असं मी म्हणत नाही. पण सामान कमी असण्याने त्यांचं काही अडलं नाही, एवढं नक्की.

पुस्तकाविषयी शेवटचं. भाषा सरळ आहे, आकृत्या हाताने काढलेल्या आणि स्वच्छ आहेत. फ्लॅशचं प्रकरण जरा घाईत उरकलंय, आणि के-१०००वर फ्लॅश १/६०पेक्षा जास्त वेगाला चालत नाही ही महत्त्वाची गोष्ट तळटीपेत दडली आहे. पुढच्या आवृत्तीत ती वर यावी. पहिलं प्रकरण रिकाम्या कॅमेऱ्याचं आहे. त्यात फिल्म लागत नाही, एक पैसाही खर्च होत नाही. तेवढं वाचून, कडी फिरवून आणि खटका दाबून झाल्यावरच रोल विकत घ्यायला जा.